पहिल्या पंधरा दिवसांत सगळेच नवे असतात

ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं आणि त्याच सुमाराला या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. पुण्यातल्या कॉलेजांमधून एका सत्रासाठी, फार तर वर्षासाठी, एक्स्चेंजवर गेलेली मुलं तिकडे ओरिएंटेशनच्या आठवड्यात असतात आणि त्यांचे आईवडील इकडे फोनकडे डोळे लावून. मी आयुष्यभर पुण्यात जर्मन शिकवलं, अशा मुलांची तयारी करून घेतली आणि तरुणपणी स्वतः गॉटिंगेनच्या वसतिगृहात राहिले. त्या भरवशावर ही उत्तरं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका सत्रासाठी गॉटिंगेनला आले आहे. सध्या ओरिएंटेशन चालू आहे. दिवसा बरं जातं. कॅम्पस दाखवतात, लायब्ररीचं कार्ड करून देतात, मेन्झामध्ये सगळे एकत्र जेवतो. संध्याकाळी मात्र ग्रुपमधले सगळे पबमध्ये जातात. मी पीत नाही, म्हणून खोलीवर येते आणि आईला व्हिडिओ कॉल लावते. आई दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत असते, बाबा दाराला कडी घालत असतात, आणि मी फोनमधून घर बघत बसते. जर्मनची बी-वन ही मध्यम पातळी पूर्ण केली, मार्कही चांगले होते, पण इथे दुकानात कुणी बोललं की एक अक्षर कळत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एक खण आहे. माझ्या खणावर अजून आधीच्या मुलीचंच नाव आहे. परत यावंसं वाटतं. असं सगळ्यांना होतं का, की मीच कच्ची आहे? — सिंहगड रस्ता, सध्या गॉटिंगेन

उत्तर : तुला ईमेलनं लगेच उत्तर पाठवलं होतं, अंक हातात पडेपर्यंत तुझे तास सुरू झालेले असणार. तेच थोडं वाढवून इथे देते.

तू कच्ची नाहीस गं. आधी तुझ्या शरीराचा हिशोब मांड. झोपेची वेळ साडेतीन तासांनी सरकली आहे. दोन वेळा पाव खाते आहेस. सकाळी नऊपासून परक्या भाषेत कान देऊन ऐकते आहेस, आणि नुसतं ऐकण्यानं माणूस किती थकतो हे गेल्याशिवाय कळत नाही. दिवसाचं वेळापत्रक दुसऱ्या कुणी आखून दिलंय म्हणून दिवस निभतो. संध्याकाळ तुझी तुलाच भरायची असते, म्हणून ती अंगावर येते. माझ्याकडून गेलेल्या मुलांपैकी जी पुढे तिथे उत्तम रमली, त्यांच्यातही पहिल्या आठवड्यात संध्याकाळी रडली नाहीत अशी थोडीच.

आता पबचं. तिथे जाणारे सगळे प्यायला जातात असं नाही, बसायला जातात. आपण अमृततुल्यच्या बाकड्यावर तासभर काढतो तो काही एका कपासाठी नव्हे. तू सरळ आप्फेलशोर्ले माग, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. जर्मन माणसं स्वतः ते भरपूर पितात, तुझ्या ग्लासकडे कुणी वळूनही बघणार नाही. आपापलं बिल आपण द्यायचं असतं, वेटर विचारतोच. तासभर बसायचं आणि ‘मी निघते’ म्हणून उठायचं. एवढं पुरतं. मुद्दा असा की हा आठवडा परत येणार नाही. आत्ता कुणाचीच टोळी जमलेली नाही. स्पेनचा मुलगा, कोरियाची मुलगी, हॅनोवरहून आलेली पहिल्या वर्षाची जर्मन पोरं, सगळी सारखीच गोंधळलेली आहेत. महिन्याभरात ज्याचा त्याचा कंपू ठरतो आणि मग आत शिरणं खरोखर अवघड होतं. म्हणून दमली असलीस तरी या दिवसांत संध्याकाळी बाहेर पड, आणि विश्रांती दुपारी घे.

आणि विचार. लाज न बाळगता विचार. एकदा एका एक्स्चेंजहून परतलेली मुलगी मला तिच्या वसतिगृहातल्या कपडे धुवायच्या खोलीबद्दल सांगत होती. तळघरात चार मशीन, नाणी टाकायला जागाच नाही, भिंतीवर जर्मनमध्ये पानभर सूचना. ही धुण्याची पिशवी घेऊन उभी. शेजारी एक कोरियन मुलगीही तशीच पिशवी घेऊन तोच कागद वाचत होती. हिनं विचारलं, ‘तुला कळलं का?’ तिलाही कळलं नव्हतं. मग दोघींनी मिळून एक एक ओळ लावली. कार्डात आधी पैसे भरायचे, ते भरायचं यंत्र मेन्झाच्या दाराशी, आणि तिसऱ्या क्रमांकाचा ड्रायर बंद आहे. पिशव्या तिथेच ठेवून दोघी मेन्झापर्यंत चालत गेल्या. सत्र संपेपर्यंत दोघींचं धुणं एकाच दिवशी. अशी मैत्री ‘चला, ओळख करून घेऊ या’ असं म्हणून होत नाही, कामाच्या प्रश्नावरून होते. तुझ्याकडे तर या आठवड्यात प्रश्नांची काही कमी नाही. शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची आहे ना? तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. तिथे घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा सहीचा कागद लागतो. मजल्यावरच्या ज्या मुलींचं हे काम राहिलंय त्यांना विचार, आणि मिळूनच वेळ घ्या.

भाषेबद्दल निराश होऊ नकोस. बी-वनच्या वर्गात आम्ही शिक्षक सावकाश, सुटं सुटं बोलतो. बेकरीतली बाई मागे सहा गिऱ्हाइकं असताना बोलते. खरं तर गॉटिंगेन-हॅनोवरकडची जर्मन कानाला सोपी मानतात. बव्हेरियातल्या खेड्यात गेली असतीस तर अजून वेळ लागला असता. ‘बिटं एत्वास लांगझामर’, जरा हळू बोला, हे वाक्य तोंडात बसव आणि ते म्हणून झाल्यावर इंग्रजीकडे वळू नकोस. रोज एका ठिकाणी एक काम जर्मनमध्येच करायचं. आज पाव, उद्या लायब्ररीत पुस्तकाची मुदत, परवा सायकलच्या दुकानात हवा. तीन-चार आठवड्यांनी कान उघडतात. उघडतात म्हणजे एके दिवशी बसमध्ये मागच्या बाकावरचं भांडण आपल्याला कळतंय असं लक्षात येतं.

फोनचं सांगते ते तुला आवडणार नाही. तिथे संध्याकाळी सात वाजता तू फोन लावतेस तेव्हा पुण्यात साडेदहा झालेले असतात. आईबाबा झोपेच्या तयारीत, तू दमलेली. त्या वेळी कुठलंही घर जास्तच जवळचं वाटतं. तो फोन सकाळी हलव. आठ वाजता तासाला चालत जाताना बोल, पुण्यात साडेअकरा असतात, आई स्वयंपाकातून मोकळी झालेली असते. दहा मिनिटं बोलायचं आणि वर्गात शिरायचं. लांब व्हिडिओ कॉल रविवारी, कारण रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि वेळ जाता जात नाही.

पोटाचंही बघ. सुपरमार्केटमध्ये गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात. १०५० घे, त्यात कोंडा जास्त, थोडं ४०५ मिसळ, पोळी चांगली होते. क्वार्क नावाचा दह्याचा प्रकार मिळतो, तो आपल्या चक्क्याच्या फार जवळचा. पातळ वाटला तर फडक्यात बांधून ठेव, श्रीखंड उत्तम होतं. साजूक तुपाला बुटरश्माल्त्स चालतं. आणि खोलीत ताट घेऊन जाऊ नकोस. मजल्यावरच्या मुली ज्या वेळी स्वयंपाक करतात त्याच वेळी कर आणि तिथल्याच टेबलावर जेव. फ्रिजच्या खणावरची जुनी चिठ्ठी आजच काढ आणि तुझं नाव लाव, ठळक अक्षरात, म्हणजे कुणी तुझं दूध चुकून घेणार नाही आणि तुला नावानं हाक मारायला त्यांनाही सोपं जाईल.

तास सुरू झाले की तीन गोष्टी ध्यानात ठेव. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. व्याख्यान संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा दचकायला होतं. परीक्षेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत सत्र चालू असतानाच संपते. तास केले म्हणून परीक्षेला बसता येईल, असं गृहीत धरू नकोस.

एवढं करूनही तीन-चार आठवड्यांनी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात जाववत नसेल, तर ते घरच्या आठवणीच्या पलीकडचं आहे. स्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे वसतिगृहं आणि मेन्झा चालवणारी संस्था, तिच्याकडे समुपदेशक असतात. तिथे विद्यार्थ्याकडून सहसा पैसे घेत नाहीत आणि बोललेलं बाहेर जात नाही. तिकडे जा, आणि आईलाही सांग.

तू ज्या गावात आहेस तिथलं पुण्याशी नातं जुनं आहे, म्हणून एक सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रांझ कीलहॉर्न १८८१ मध्ये पुणं सोडून गेले आणि १८८२ पासून अखेरपर्यंत गॉटिंगेनला प्राध्यापक होते. पुण्यात त्यांच्या जागी रा. गो. भांडारकर आले. पुण्याच्या शास्त्र्यांकडे बसून व्याकरण शिकलेला माणूस तुझ्या त्या गावात संस्कृत शिकवत होता. एखाद्या दुपारी भारतविद्येच्या विभागात चक्कर मार. पुण्याहून आलीस म्हटल्यावर बोलायला विषय लागणार नाही.

प्रश्न : मुलगा एका सत्रासाठी ड्रेस्डेनला गेलाय. पहिले चार दिवस रोज फोन होते, आता ‘बिझी’ एवढंच लिहितो. मी रात्री उठून तो ऑनलाइन कधी होता ते बघते. त्याचे बाबा म्हणतात, त्याला राहू दे. पण काळजी वाटणारच ना? — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, काळजी वाटणारच आणि वाटायलाच हवी. पण तो गप्प झाला याचा बहुतेक वेळा अर्थ असा की त्याचा दिवस भरू लागलाय. मला जास्त धास्ती वाटते ती दिवसातून तीनदा फोन करणाऱ्या मुलांची.

आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून टाका. ठरवताना एक लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ एक तास मागे होतं, मग फरक साडेतीनऐवजी साडेचार तासांचा होतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तसाच राहतो. दरवर्षी त्या आठवड्यात ‘ठरलेल्या वेळेला त्यानं फोन उचलला नाही’ अशी तक्रार माझ्याकडे येते. तो उचलणार असतो, तासाभरानं.

फोनवर ‘जेवलास का, थंडी आहे का, स्वेटर घातलास का’ याच्यापुढे जा. या आठवड्यात नवीन कोण भेटलं, ट्राम कुठून पकडतोस, कुठल्या सरांचा तास आवडला, हे विचारा. एक-दोन नावं तुमच्या तोंडी बसली की पुढच्या फोनला त्यालाच सांगावंसं वाटेल. आत्या, मामा, शेजारच्या काकू यांचे निरोप एकाच फोनमध्ये कोंबू नका.

इरावती कर्वे १९२८ मध्ये डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये पदवी घेऊन आल्या. त्या काळात घरचं पत्र बोटीनं जायचं आणि उत्तर यायला आठवड्यांमागून आठवडे लागायचे. त्या माणसांना काळजी कमी होती असं नाही. मधला वेळ कसा काढायचा हे त्यांना जमत होतं, आणि ते तुम्हालाही जमेल. रात्री त्याचं ऑनलाइन असणं बघणं मात्र आजपासून बंद करा. त्यानं तुमची झोप जाते आणि त्याला काही मिळत नाही.

त्याच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा ईमेल आणि त्याच्या मजल्यावरच्या एका मित्राचा नंबर, त्याला विचारून, तुमच्याकडे ठेवा. आठवडाभर काहीच कळलं नाही तर तिथे विचारायचं. एवढी सोय असली की मन शांत राहतं.

प्रश्न : आखेनमध्ये चौघांच्या फ्लॅटमध्ये खोली मिळाली. परवा स्वयंपाकघराच्या दारावर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली दिसली : ‘बाथरूमची पाळी तुझी होती. प्लास्टिक निळ्या डब्यात टाकू नकोस. रात्री दहानंतर मिक्सर लावू नकोस.’ लावणारा फ्लॅटमेट समोर दिसतो तेव्हा हसतो आणि मागे चिठ्ठी लावतो! अपमान वाटला. काय उत्तर देऊ? — हडपसर, सध्या आखेन

उत्तर : चिठ्ठीला चिठ्ठीनं उत्तर देऊ नकोस. संध्याकाळी त्याच्याशी बोल : ‘वाचलं, बाथरूम उद्या करतो, डब्यांचं एकदा समजावून सांगशील का?’ अरे, तिथे एकत्र राहणाऱ्यांत चिठ्ठी लावणं ही रीत आहे. आपल्याकडे मनात ठेवतात आणि तिसऱ्याजवळ बोलतात. तो तुझ्याबद्दल तिसऱ्याजवळ बोलला नाही, ही जमेची बाजू समज. हसतो तेही खरंच हसतो.

त्याचं म्हणणंही बरोबर आहे. भिंतीवरचं पाळीचं कोष्टक, पुत्सप्लान, हा त्या घराचा करार असतो. आणि घरकामाची सवय नसलेल्या मुलांना मी दरवर्षी निघण्यापूर्वी बजावते की आईच्या हातचं जेवण आठवण्याआधी बाथरूम घासायला शिका. कागद-पुठ्ठा निळ्या डब्यात, प्लास्टिकची आणि पत्र्याची वेष्टनं बहुतेक गावांत पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत, भाज्यांची सालं तपकिरी डब्यात, उरलेलं काळ्या किंवा राखाडी. गावागणिक थोडाफार फरक असतो म्हणून डब्यावरचं वाच. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पिंपात, त्याही रविवारी नाही, कारण आवाज होतो. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या तर फेकूच नकोस. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते.

रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. मिक्सर, वॉशिंग मशीन, मोठ्यानं गाणी नकोत. चटणी आठलाच वाटून ठेव.

तुझ्या चिठ्ठीत नाहीत त्या दोन गोष्टी मीच सांगते. फोडणी करताना खिडकी पूर्ण उघड आणि दार लाव. मोहरी तडतडून धूर जिन्यात गेला की अलार्म वाजतो, अख्खी इमारत खाली उतरते, आणि काही वसतिगृहांत अग्निशामक दलाचं बिल ज्याच्यामुळे ते आले त्याला येतं. दुसरं, हिवाळ्यातही रोज दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि मग बंद करायच्या. थंडीनं दिवसभर बंद ठेवल्या की कोपऱ्यात बुरशी धरते आणि खोली सोडताना अनामतीतून पैसे कापतात.

प्रश्न : मुलीला तिकडच्या परीक्षेत १.७ मिळाले. नापास झाली का? तिला विचारायचा धीर होत नाही. — निगडी

उत्तर : उत्तम पास झाली आहे. तिथे १.० सर्वांत वर, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. तिला आजच फोन करून अभिनंदन करा. मात्र ते गुण आणि क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत कसे धरणार हे तिच्या पुण्यातल्या कॉलेजकडून लेखी घेतलं आहे का, ते विचारा. नसेल तर ती तिथे असतानाच कॉलेजला अर्ज करा, परत आल्यावर धावाधाव होते.

प्रश्न : आमच्या मुलीच्या कॉलेजच्या एक्स्चेंजमध्ये एक जर्मन मुलगी जानेवारीपासून पाच महिने आमच्याकडे राहणार आहे. घरात आजी-आजोबा आहेत. तिला परकं वाटू नये म्हणून काय करावं? — एरंडवणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला. आपल्या मुलांसाठी तिकडे कुणीतरी हेच करत असतं.

आधी सरकारी काम. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत यजमानानं त्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वी याला ‘फॉर्म सी’ म्हणत) ऑनलाइन भरायचा असतो. ती जबाबदारी तुमची, तिची नाही. तिचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत तिची परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते, कॉलेज त्यात मदत करतं. ती यायच्या आधीच फॉर्मचं लॉगिन करून ठेवा.

घरात सगळ्यात कळीचं आहे ते दार आणि ताट. तिची खोली तिची. ती दार लावून बसली तर रुसली, आजारी पडली, असं आजीला वाटेल. आजीला आधीच सांगून ठेवा की त्यांच्याकडे दार लावणं म्हणजे एवढंच की थोडा वेळ एकटं बसायचंय. टकटक करा आणि ‘ये’ म्हणेपर्यंत थांबा. ताटाचं असं, की ती ‘नको’ म्हणाली म्हणजे तिला खरंच नको असतं. आपल्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची पद्धत आहे, तिला ती माहीत नाही. उलट बाजूही खरी. तिला हवं असेल आणि पहिल्याच विचारण्याला ती ‘हो’ म्हणाली तर तिला हावरट समजू नका. आमटीचा झणका पहिले आठ दिवस कमी ठेवा, पाणी गाळून-उकळून द्या, बाहेरची पाणीपुरी महिनाभर लांबच ठेवा.

पहिल्याच दिवशी पर्वती, शनिवारवाडा, लक्ष्मी रस्ता अशी वरात काढू नका. आल्यावर तिला झोपू द्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीतून वाण्यापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत तिच्याबरोबर चाला, परत येताना तिला पुढे होऊ द्या. रस्ता ओलांडायचा कसा हे तिला हाताला धरून शिकवा. ती सिग्नलचा हिरवा माणूस बघून पाऊल टाकणार आणि कर्वे रस्त्यावर दुचाकीवाला त्या हिरव्या माणसाकडे बघत नाही. मेट्रो तिला लगेच जमेल, रिक्षाला वेळ लागेल.

तिला एक काम द्या. ताटं मांडणं, झाडांना पाणी घालणं, काहीही. पाहुणी म्हणून बसवून ठेवलेल्या मुलीला सगळ्यात जास्त घर आठवतं. आणि आजोबांना सांगा, रोज तिला मराठीतलं एक वाक्य शिकवा. तिच्या ओरिएंटेशनमध्ये असा शिक्षक कुणी देणार नाही.

प्रश्न : मार्चअखेर स्टुटगार्टला जातोय. सामानात काय नेऊ? आजी तूप, पेढे आणि चितळ्यांची बाकरवडी देणार म्हणते. — सदाशिव पेठ

उत्तर : बाकरवडी ने. तूप आणि पेढे राहू देत. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणायला मनाई आहे, कस्टम्समध्ये सापडले तर काढून घेतात. आजीकडून गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घे. कुकर छोटा, दोन-तीन लिटरचा आणि खाली इंडक्शनचा तळ असलेला घे. नुसता ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. शिट्टी आणि रबर जास्तीचं. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसह घे, तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आजारी पडलास आणि दवाखाना बंद असेल तर ११६११७ वर फोन कर, जीवावरचं असेल तर ११२.

जाड कोट इथून नेऊ नकोस, जागा खातो. एप्रिलमध्ये तिथे थंडी आणि ऊन एकाच दिवसात असतं, एकावर एक घालता येतील असे कपडे घे आणि पावसाचं जाकीट.

पैशांचं गणित निघायच्या आधी कर. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी जे ‘ब्लॉक्ड अकाउंट’, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं, दाखवतात त्यातून सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो धरलेले आहेत. त्यातच भाडं, आणि सरकारी आरोग्यविमा घेतलास तर त्याचा साधारण दीडशेच्या आसपासचा हप्ता. पहिल्या महिन्यात खोलीची अनामतही जाते. ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही, पण तेवढी तयारी ठेव. पत्त्याची नोंदणी झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते. ते पत्र फसवणुकीचं समजून फेकू नकोस, फ्लॅटमध्ये सगळे मिळून एकच भरतात.

रविवारी उतरणार असशील तर दुकानं बंद असतील, स्टेशनवरची काही सोडून. संध्याकाळच्या जेवणापुरतं जवळ ठेव. आणि तुझ्या पोर्शनचं किंवा वसतिगृहाचं किल्लीचं ऑफिस किती वाजता बंद होतं हे तिकीट काढायच्या आधी विचार, बऱ्याच ठिकाणी दुपारीच बंद होतं. आपले गोल पिनांचे जाड प्लग तिथे बसत नाहीत, विजेचा दाब मात्र आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे. दोन ॲडाप्टर आणि इथून न्यायची एक एक्स्टेन्शन पट्टी पुरे. एक ॲडाप्टर हँडबॅगमध्येच ठेव, फ्रँकफर्टला उतरल्यावर फोन चार्ज करायला तोच लागेल.